सोनेगावची वाट

आषाढातली गोष्ट. धानाचे रोवणे ऐन भरात होते, आणि अशा दिवसांत झाडीपट्टीतला शेतकरी बांधी सोडून कोणाच्या दारात उभा राहत नाही. म्हणून एका संध्याकाळी पायांचा चिखल पुरता न धुता एक गृहस्थ माझ्या ओसरीवर येऊन बसले, तेव्हा काम तसेच नडीचे असणार हे मी ताडले. त्यांची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. शाळा सुटल्यावर तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले, आणि चेन्नईच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी रुजू व्हायचे, नाही तर ती जागा दुसऱ्याला मिळणार. रेल्वेचे आरक्षण काही केल्या मिळेना. शेवटी उसनवारी करून विमानाचे तिकीट काढले : नागपूरहून हैदराबाद, आणि तेथे विमान बदलून चेन्नई.

"पैशाचं जाऊ द्या जी, गुरुजी," ते म्हणाले, "पण पोरगी एकटी. आमच्या सात पिढ्यांत इमानात कोणी पाय ठेवला नाही. आत गेल्यावर कुठून कुठं जाचं, तेवढं कागदावर लिहून द्या."

मी मनात चरकलो. मी जन्मात एकदाच विमानात बसलो आहे, तोही एका साहित्यसभेच्या चालकांच्या खर्चाने. आणि त्या वेळी विमानतळावर मी पुढच्या माणसाच्या पाठीवर नजर ठेवून चाललो होतो. तो पाणी प्यायला थांबला, तेव्हा मीही थांबलो. अशा माणसाने दुसऱ्याला वाट काय सांगावी? पण शाळामास्तराला 'येत नाही' असे म्हणण्याची सवय नसते. "उद्या या, लिहून ठेवतो," असे मी सांगून बसलो.

कादंबऱ्या लिहिणाऱ्याचा एक दोष असतो. त्याला साधी वाट सांगायची झाली तरी ती कोणी पाडली, का पाडली, इथून आरंभ करावासा वाटतो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. इतिहास मी परीक्षेसाठी न वाचता हौसेने वाचला, आणि हौसेला शेवटचे पान नसते. त्या रात्री मुलीसाठी चार ओळींची वाट लिहायला म्हणून बसलो, आणि सकाळपर्यंत माझ्या वहीत सोनेगावच्या विमानतळाची कुळकथा जमली. ती तिच्या उपयोगाची नव्हती. वाचकांच्या उपयोगाची असेल या आशेने येथे देतो.

आपल्याकडे विमानाने माणसांच्या आधी पत्रे नेली, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. अंतर म्हणाल तर मूलपासून मारोड्याला जावे तेवढे. पण सरकारी टपाल विमानातून जाण्याचा जगातला तो पहिला प्रसंग मानतात. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला उतरले, आणि नेव्हिल व्हिन्सेंट याने त्याच थैल्या बेल्लारीवरून मद्रासला पोचवल्या. ज्या व्यवसायातून पुढे एअर इंडिया उभी राहिली, त्याचा पहिला दिवस हा असा, उतारूवाचून, केवळ पत्रांच्या जोरावर उगवला.

सोनेगाव तर टपालाच्याही आधीचे. नागपूरच्या दक्षिणेला वर्धा रस्त्याच्या अंगाने असलेली ही जागा १९१७-१८ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, इंग्रजांच्या हवाई दलासाठी तयार झाली. युद्ध संपले आणि तिची आठवण कमी झाली. दुसऱ्या महायुद्धात तिला पुन्हा उजाळा मिळाला. जुन्या इमारती दुरुस्त करून लष्करी विमानांच्या मुक्कामाचे ठाणे तेथे करण्यात आले. इंग्रज गेले तेव्हा हे सारे आपल्या सरकारच्या हाती आले : एक धावपट्टी, काही युद्धकाळातल्या चाळीवजा इमारती, आणि भोवती काळ्या मातीची शेते. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होते खरे, पण रोज विमानाने येणारे-जाणारे किती असणार? हा तळ बंद पडला असता तर फारशी कोणाची तक्रार आली नसती.

त्याला वाचवले ते टपालाने. १९४७ ते १९५१ या काळात रफी अहमद किडवाई हे केंद्रात दळणवळण खात्याचे मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल-सेवा सुरू झाली. तिची कल्पना इतकी सोपी आहे की पाचवीच्या मुलाला फळ्यावर चार रेघा ओढून समजावता येते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान आपापल्या भागाचे टपाल घेऊन निघे. चारही मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला उतरत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई : दिल्लीच्या विमानातली मद्रासची थैली मद्रासच्या विमानात, मुंबईची कलकत्त्याच्या, कलकत्त्याची दिल्लीच्या. मग चारही विमाने तोंडे फिरवून, उजाडता उजाडता जिथून निघाली तिथेच परत पोचत.

यात हिशेब कसा बसला तो पाहण्यासारखा आहे. चार शहरे एकमेकांशी सरळ जोडायची तर सहा मार्ग लागतात, आणि जायला-यायला मिळून बारा विमाने. मधल्या एका ठिकाणी सर्वांना आणले की चारच विमानांत काम भागते. नागपूरपासून ही चारही शहरे हवेतून साधारण सातशे ते हजार किलोमीटरांत आहेत. त्या काळचे डाकोटा विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास जाई. म्हणजे तीन-चार तास. जेवणे आटोपल्यावर निघावे, मध्यरात्री भेटावे, आणि दूधवाला यायच्या वेळी घरी असावे. देशाच्या मध्यावर असल्याचा नागपूरकरांना अभिमान असतो. तो अभिमान कामाला लागलेला मला या सेवेइतका दुसरीकडे कुठे दिसला नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशातली साधी पत्रेही, विमानाने लवकर पोचत असतील तर, जादा आकार न घेता विमानाने पाठवण्याची पद्धत सुरू झाली. श्रीमंताचा लखोटा आणि गरिबाचे पत्र एकाच थैलीत आले.

आता यात आमच्या मूलचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. मूलच्या टपालकचेरीत पडलेले पत्र त्या दिवसांत अरुंद रुळांच्या गाडीने नागभीडला जाई, आणि तेथून तशाच अरुंद रुळांनी उमरेडवरून नागपूरला. नागभीड-नागपूर हे शंभराच्या थोडे वर किलोमीटरांचे अंतर गाडी दमून-भागून काटी. पण एकदा ते पत्र रात्रीच्या थैलीत पडले, की दुसऱ्या दिवशी उजाडताना ते मद्रासला असे. म्हणजे जंगलाच्या काठावरच्या या गावाला नागपूर लांब होते आणि नागपूरहून मद्रास जवळ. हे कोडे मला पहिल्यांदा घातले ते आमच्या आळीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी. ऐन तारुण्यात, १९६२ पासून पुढची काही वर्षे, ते नागपूरला टपालाच्या थैल्या चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होते. गावात त्यांना सगळे 'पोस्टाचे बाबा' म्हणतात. वाटेचा कागद लिहायचा म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेलो.

"सोनेगाव?" बाबा म्हणाले. "डोळे मिटून नेतो तुले. कितव्या सालचं पायजे?"

बाबांच्या सालचे सोनेगाव असे होते. विमाने आली टपालासाठी. पण थैल्यांबरोबर उतारूही घेत, आणि रात्री उठबस करावी लागत असल्यामुळे त्यांना भाडे दिवसापेक्षा कमी पडे, असे बाबा सांगतात. दिल्लीहून मद्रासला जाणारा उतारू मध्यरात्री नागपूरला उतरे आणि दुसऱ्या विमानात बसे. म्हणजे थैलीचे जे व्हायचे तेच त्याचेही व्हायचे; फरक इतकाच की थैलीला शिवलेली चिठ्ठी आणि लाखेची मोहोर असे, आणि उतारू झोपेत असे. डाकोटा जमिनीवर उभे असताना शेपूट खाली आणि नाक वर अशा बेताने उभे राहते. त्यामुळे मागच्या दाराने शिरून आपल्या जागेवर जायचे म्हणजे टेकडी चढल्यासारखे जावे लागे, आणि उतरताना घरंगळल्यासारखे. असे घरंगळून उतरलेले साहेब लोक, टोपीवाले, धोतरवाले, कडेवर मूल घेतलेल्या बाया, सगळे अर्धवट डोळे उघडून मैदानावर उभे राहत. समोर चार विमाने. पुढे मोठी, चार इंजिनांची विमाने आली, तरी अंधारात एकासारखे एक दिसायचा प्रकार तोच.

"मग आपलं कोणतं, हे त्यांना कसं समजे?" मी विचारले.

"समजत नव्हतंच," बाबा हसले. "आमाले इचारत. आमी थैलीवरचं नाव वाचून सांगू. मद्रासची थैली ज्या इमानात जाते, मद्रासचा माणूस त्याच इमानात. थैलीच्या मागं चला म्हणू."

एकदा एक वयस्क गृहस्थ कलकत्त्याऐवजी मुंबईच्या विमानात जाऊन ऐसपैस झोपले होते. दार लावण्याच्या आधी उतारू मोजताना एक जास्त निघाला. कोणीच कबूल होईना, कारण जो चुकला होता तो घोरत होता. शेवटी प्रत्येकाला हलवून तिकीट पाहिले, तेव्हा हे महाशय सापडले आणि त्यांना हाताला धरून मैदानावरून पलीकडे नेले. बाबांच्या मते त्यांची झोप तरीही पुरती मोडली नाही. ही गोष्ट सांगताना बाबांच्या चेहऱ्यावर जो संतोष होता, तो साठ वर्षे जुना होता. हजारो थैल्यांत एकही थैली आपल्या हातून चुकीच्या विमानात गेली नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

पण सोनेगावच्या त्या रात्री साऱ्याच अशा हसण्यावारी नेण्याजोग्या नव्हत्या. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेले टपालाचे डाकोटा धावपट्टी सोडताच इंजिनाचा जोर कमी होऊन खाली आले आणि पेटले. विमानात चौदा माणसे होती. त्यांतली तेरा गेली, वैमानिक तेवढा वाचला. कामगार चळवळीतले मोठे पुढारी हरिहरनाथ शास्त्री या तेरांत होते. त्याच वर्षी १ ऑगस्टला निरनिराळ्या आठ खाजगी विमान-कंपन्या सरकारने ताब्यात घेऊन इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनची स्थापना केली होती. महामंडळाला पाच महिनेही झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा विमाने आली का, असे मी बाबांना विचारले. ते त्या वेळी लहान होते, नोकरीत नव्हते. पण जुन्या माणसांकडून ऐकलेले त्यांनी सांगितले, "टपाल थांबत नसते जी." यापलीकडे ते बोलले नाहीत. मद्रासच्या दिशेने निघालेल्या विमानाची ही हकीकत मी मुलीच्या वडिलांना सांगितली नाही, हे येथे कबूल करतो.

१९५३ मध्येच सोनेगावला उतारूंसाठी नवी इमारत झाली. फराळाची जागा, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचे दुकान, आणि विमाने पाहायला येणाऱ्या लोकांसाठी सज्जा, अशी तिची रचना होती. त्या सज्ज्याचे मला फार वाटते. ज्याला कुठेही जायचे नाही, अशा माणसासाठी सरकारने विमानतळावर जागा केली होती. नागपूरची कुटुंबे मुलांना घेऊन विमाने पाहायला जात. पोचवायला आलेली आई आपला मुलगा शिडीवर चढताना, आत शिरताना आणि विमान दिसेनासे होईपर्यंत पाहू शके. बाबा म्हणतात, हात हलवणारे वर आणि हात हलवणारे खाली, दोघांनाही एकमेकांचे हात दिसत.

मग काळ बदलला. १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल जातीची जेट विमाने आली, पुढे बोइंग आली. दिल्लीहून मद्रासला एका दमात जाणारे विमान मिळाल्यावर मध्यरात्री नागपूरला उतरून थैल्या बदलण्याचे कारण उरले नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये रात्रीची टपाल-सेवा बंद झाली. जवळजवळ पंचवीस वर्षे देशाची पत्रे ज्या मैदानावर रोज रात्री एकमेकांना भेटत होती, तेथे रात्री शांतता झाली. नागपूरची राजधानीही १९५६ साली गेलीच होती. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मंत्र्यांची ये-जा होई, तेवढीच वर्दळ.

दुसरा बदल दारावर झाला. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' नावाचे विमान दोघा तरुणांनी लाहोरला पळवून नेले. त्यानंतर असे प्रसंग येत गेले आणि तपासणी वाढत गेली. १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला नेले गेले, आणि पुढच्याच वर्षापासून देशातल्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान उभे राहू लागले. आता पोचवणाऱ्याचा रस्ता काचेच्या दाराशी संपतो. हे झाले ते विनाकारण झाले, असे मी म्हणणार नाही. पण ज्याला वाट ठाऊक नाही त्याच्याबरोबर चार पावले जाणारा माणूस त्या दाराबाहेर राहिला, हेही खरे.

२००५ मध्ये या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले, आणि १४ एप्रिल २००८ ला, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास 'मिहान' नावाचा मालवाहतुकीचा व उद्योगांचा मोठा प्रकल्प विमानतळाला लागून आखण्यात आला, आणि त्यासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी गेल्या. मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे वाद पुढे वर्षानुवर्षे चालले. विमानतळाच्या इतिहासात धावपट्टीची लांबी सगळे लिहितात. ती कोणाच्या वावरावरून गेली हे लिहायचे राहते, म्हणून ही ओळ.

एवढा इतिहास वहीत उतरवून झाला आणि मुलीचा कागद कोराच होता. तेव्हा बाबांच्या थैलीचाच मंत्र घेतला आणि लिहिले :

'दोन तास आधी पोचणे. दारावर तिकीट आणि आधार दाखवणे. आत गेल्यावर आपल्या कंपनीचे नाव असलेल्या खिडकीशी जाणे. मोठी पेटी तेथेच द्यायची, ती पंधरा किलोंच्या आत हवी. लोणच्याची बरणी मोठ्या पेटीत, फोनला वीज देणारी डबी मात्र हातातल्या पिशवीत. उलटे करू नये. पेटीला चिठ्ठी बांधतील, ती नीट वाचणे. चेन्नई असेल तर पेटी थेट तेथे मिळेल, हैदराबादला शोधू नये. तपासणीला बायकांची रांग वेगळी असते. नंतर पासावर लिहिलेल्या क्रमांकाच्या दाराशी बसणे. क्रमांक बदलू शकतो, म्हणून फळ्याकडे पाहत राहणे. सुटण्याच्या पंचवीस मिनिटे आधी दार लागते. हैदराबादला उतरल्यावर बाहेर न जाता पुढच्या विमानाची पाटी पाहणे. समजले नाही तर विचारणे. विचारायला लाजू नये.'

शेवटच्या वाक्याखाली मी दोन रेघा ओढल्या.

रविवारी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही निघालो : मुलगी, तिचे आईवडील आणि मी. सिंदेवाही, नागभीड, भिवापूर, उमरेड करत गणेशपेठच्या स्थानकावर उतरलो, आणि तेथून विमानतळावर. रस्त्यावरून मेट्रोचे 'एअरपोर्ट' नावाचे स्थानक दिसते. मेट्रो २०१९ पासून या मार्गावर धावते. पण त्या स्थानकापासून इमारत दिसायला जवळ असली तरी पेटी घेऊन चालायला जवळ नाही, हे कोणाला नव्याने जायचे असेल तर ध्यानात ठेवावे. आम्ही रिक्षा केली ते बरे झाले.

इमारतीवरची मोठी पाटी मुलीच्या वडिलांनी अक्षर लावून वाचली. बाबासाहेबांचे नाव वाचताच त्यांनी चप्पल काढून हात जोडले. त्यांचे वडील १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याच्या दीक्षा-समारंभाला पायी गेले होते. "मग ह्ये आपलंच हाय म्हणा की जी," असे म्हणून ते पहिल्यांदाच सैल झाले. आमच्या आधीच्या साऱ्या प्रवासात त्यांनी मुलीचा हात सोडला नव्हता.

आणि तेथेच गाडे अडले. दारावरच्या जवानाने आधारपत्र पाहिले, तिकीट पाहिले, आणि मान हलवली. आमच्या गावातल्या एका दुकानात तिकीट काढताना आडनावाच्या जागी वडिलांचे नाव पडले होते. तो तरुण रागावला नाही. बिहारकडचा होता, त्याने हिंदीत समजावून सांगितले की नाव जुळल्याशिवाय आत सोडता येत नाही, बाहेरच्या बाजूला कंपनीची खिडकी आहे तेथे दुरुस्त करून आणा. वेळ होता तो यासाठीच, असे म्हणत मी धावलो. मुलीची आई तेथल्या तेथे खाली बसली. सोमवारची नोकरी, उसने पैसे, सगळे तिच्या डोळ्यांत दिसत होते.

खिडकीतल्या मुलीने कागद घेतले, यंत्रात काही टिपले, कोणाला तरी फोन केला. पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात मला बाबांची लाखेची मोहोर आठवत होती. थैलीवर नाव चुकले तर थैली उभी राहते. तिला आई नसते, इतकेच. शेवटी नवा कागद छापून आला. आडनाव जागेवर होते.

मुलगी दारातून आत गेली. आम्ही तिघे काचेला लागून उभे राहिलो. खिडकीशी तिने पेटी दिली, चिठ्ठी वाचली, आणि आमच्याकडे वळून फोन केला. काचेच्या दोन बाजूंनी आम्ही एकमेकांना पाहत फोनवर बोललो. ती म्हणाली, "गुरुजी, पेटीवर एम-ए-ए लिहिलं आहे. हे चेन्नईच का?" मी सांगितले, हो, शहराचे नाव बदलले तरी विमानांच्या खात्यात मद्रासची अक्षरे अजून तीच राहिली आहेत. तिच्या आईने विचारले काय लिहिले म्हणून. मी अक्षरे जोडून सांगितली, "मा." ती पदराने डोळे पुसत हसली आणि म्हणाली, "बरं लिवलं."

तपासणीच्या रांगेत ती दिसेनाशी झाली. सज्जा असता तर आम्ही वर गेलो असतो. आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसलो आणि जे जे विमान उडाले त्या प्रत्येकाला तिच्या आईने हात हलवला, कारण त्यांतले एक तिचे असणार होते.

पुढचे तिने नंतर फोनवर सांगितले. नागपूरला ऐनवेळी दाराचा क्रमांक बदलला. फळ्याकडे पाहत राहिल्यामुळे तिला कळला. हैदराबादला मात्र ती पाट्यांच्या गर्दीत पुरती गोंधळली. तेव्हा झाडणाऱ्या एका बाईला तिने हिंदीत विचारले. त्या बाईने झाडणी भिंतीला टेकवली आणि तिला पुढच्या तपासणीच्या रांगेपर्यंत नेऊन सोडले. रात्री ती चेन्नईला उतरली, पेटी मिळाली, बरणी फुटली नव्हती. सोमवारी सकाळी ती कामावर हजर झाली.

ही बातमी सांगायला मी पोस्टाच्या बाबांकडे गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले, झाडणाऱ्या बाईचे दोनदा ऐकले, आणि विचारले, "नागपूरहून निघून मद्रासला पोचाले किती घंटे लागले?"

"मधल्या थांब्यासकट साडेसहा."

"आमचं डाकोटा चारात जात होतं," बाबा म्हणाले, आणि समाधानाने तंबाखूची डबी उघडली.

वाटेचा तो कागद मुलीने जपून परत पाठवला. दसऱ्याला आळीतला एक मुलगा पुण्याला कामासाठी निघाला, त्याने तो नकलून घेतला. हैदराबादच्या ओळी तेवढ्या गाळल्या. त्याच्या नकलेवर मी शेवटच्या वाक्याखालच्या दोन रेघा पुन्हा ओढून दिल्या, आणि वर एक ओळ नवी घातली : 'तिकिटावरचे नाव घरीच वाचून पाहणे.'